रस्त्यावरचं बिऱ्हाड

आंदोलनांवरची पुस्तकं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांत मागण्यांची यादी असते, मोर्च्यांच्या तारखा असतात, लाठीमार, वाटाघाटींच्या फेऱ्या, भाषणं, ठराव, आणि शेवटी विजय किंवा माघार. या पुस्तकांतली माणसं मात्र क्वचितच जेवतात. त्यांची चप्पल तुटत नाही, पोट बिघडत नाही, रात्री खोकल्याची उबळ येत नाही, आणि घरी म्हशीची धार कोण काढतंय या काळजीने त्यांचा जीव खालीवर होताना तर कधीच दिसत नाही. आंदोलन जणू उभ्यानेच करायचं असतं. माणसं बसल्यावर, आडवी झाल्यावर, चूल पेटवल्यावर काय होतं, ते सांगायला कोणी थांबत नाही.

पुढची पानं नेमकी तिथे थांबतात. दिल्लीच्या वेशीवर शेतकऱ्यांनी २६ नोव्हेंबर २०२० पासून वर्षभराहून जास्त काळ जो मुक्काम ठोकला, त्यातलं रोजचं जगणं हा या पुस्तकाचा विषय आहे. ज्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध हे घडलं, ते बरे होते की वाईट यावर मराठीत दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहून झालंय. शेतकऱ्याला बाजार खुला हवा ही मांडणी शरद जोशींनी मराठी मुलखात रुजवली, त्यामुळे त्यांच्या परंपरेतले कित्येक जण या आंदोलनाकडे संशयाने पाहत होते. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट तर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीवरच होते. तो वाद मी इथे उकरत नाही. कोणी कुठल्याही बाजूचा असो, एक प्रश्न त्याला टाळता येत नाही: इतकी माणसं, त्यांतली बरीचशी साठीच्या घरातली, हमरस्त्यावर वर्षभर राहिली कशी?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ती पाळीच्या जोरावर राहिली. निश्चय तर प्रत्येक आंदोलकाकडे असतो. आठवड्याने आपल्या जागी कोण येणार आणि तोवर आपल्या शेताला पाणी कोण देणार, हे ठरलेलं असणं मात्र दुर्मीळ. मंचावर जे चाललं होतं ते देशाने टीव्हीवर पाहिलं. मुक्काम टिकला तो मंचाच्या मागे, आणि त्याहून मागे, दोन-तीनशे किलोमीटरवरच्या गावांत.

सुरुवातही दिल्लीत झाली नव्हती. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने तीन वटहुकूम काढले, सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले, आणि पंजाबातल्या संघटना तेव्हापासूनच रुळांवर, टोलनाक्यांवर, पेट्रोलपंपांबाहेर बसल्या होत्या. दिल्लीला निघाल्या तेव्हा त्यांच्या गाठीशी दोन महिन्यांचा सराव होता. टोलनाक्यावर चूल मांडायची, रात्रीची राखण लावायची, बायकांच्या येण्याजाण्याची सोय बघायची, भांडणं मिटवायची, हे सगळं घराजवळ शिकून झालं होतं. वार्तांकनात हा भाग जवळजवळ गळालाच. त्यामुळे बाहेरच्यांना वाटलं की लाखभर लोक एका रात्रीत शिस्तशीर झाले.

मग २६ नोव्हेंबरला हरियाणाच्या हद्दीवर पाण्याचे फवारे, अश्रुधूर, खणून ठेवलेला महामार्ग. शंभूच्या पुलावरून लोखंडी बॅरिकेड घग्गर नदीत गेले ते सगळ्यांनी पाहिलं. दिल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर सरकारने बुराडीचं निरंकारी मैदान देऊ केलं. बहुतेक संघटनांनी ते नाकारलं. मैदानात शिरलो की कोंडले जाऊ, ही भीती त्यांनी उघड बोलून दाखवली. या नकाराने पुढचं सगळं घडवलं. मुक्काम पडला डांबरावर. सावलीला झाड नाही, पाण्याचा निचरा नाही, पाठ टेकायला भुई नाही. पण मैदानाला एकच दार असतं आणि त्या दाराशी पोलीस उभा असतो. रस्त्याचं मागचं टोक थेट गावापर्यंत जातं. पीठ, दूध, लाकूड, औषधं, नवी माणसं, सगळं त्याच टोकाने रोज येत राहिलं आणि थकलेली माणसं त्याच टोकाने परत जात राहिली. पुढची पाळीची सगळी व्यवस्था या उघड्या टोकावर उभी होती.

मुक्काम एक नव्हता, हेही मराठी वाचकाने ध्यानात घ्यावं. सिंघू जुन्या जीटी रोडवर, सोनीपतच्या बाजूला, कुंडलीच्या औद्योगिक वसाहतीला खेटून. तिथे मोठा मंच, मोठे लंगर आणि सगळ्यांत जास्त कॅमेरे. टिकरी रोहतकच्या रस्त्यावर. वरून मेट्रो धावते, खाली तिच्या खांबांच्या रांगेत ट्रॉल्या, त्यामुळे तिथला पत्ता खांबाच्या नंबरावर. अमक्या गावाचे लोक कुठे, तर तमक्या खांबापाशी. भारतीय किसान युनियनच्या उग्राहाँ गटाची मोठी छावणी याच बाजूला, बहादुरगडकडे, आणि पंजाबच्या माळव्यातल्या बायका इथे सर्वांत जास्त. गाझीपूरला पश्चिम उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडचे शेतकरी, उड्डाणपुलाच्या आसपास, कचऱ्याच्या प्रचंड डोंगराच्या वाऱ्यावर. चौथा मुक्काम शाहजहांपूरचा, राजस्थान-हरियाणाच्या सीमेवर जयपूर महामार्गावर. बातम्यांत तो मागे पडला, पण आपला त्याच्याशी थेट संबंध आहे. त्याबद्दल पुढे.

आता एका ट्रॉलीत डोकावू. ही ऊस, गहू, वीट, वऱ्हाड असं काहीही वाहणारी साधी लोखंडी ट्रॉली. तळाशी भाताचा पेंढा, हातभर. याच पेंढ्याच्या धुराने दिल्लीचा श्वास कोंडतो म्हणून दर हिवाळ्यात ओरड होते, इथे तो गादीखालची ऊब झाला होता. पेंढ्यावर सतरंज्या, मग गाद्या, मग घरून आणलेल्या जाड रजया. वर बांबूच्या कमानी आणि त्यांवर ताडपत्री, दोरीने करकचून बांधलेली. काही ट्रॉल्यांत मध्ये फळ्या टाकून दोन मजले केलेले: वर तरणे, खाली म्हातारे. कडेच्या पत्र्याला खिळे आणि त्यांवर पगडीची कापडं, पिशव्या, औषधांची पुडकी. मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज व्हायचे. चपला बाहेर, मागच्या फळीशी. आत पिठाची पोती भिंतीला लावून ठेवलेली, म्हणजे वारा अडतो आणि टेकायलाही होतं. सहा महिन्यांचा शिधा घेऊन आलोय असं लोक पत्रकारांना सांगत, तेव्हा ती बढाई वाटे. पोती पाहिली की वाटत नसे.

दिवस पहाटे सुरू होई तो गुरबाणीच्या आवाजाने आणि चहाने. मोठाल्या पातेल्यांत चहा उकळत असे आणि गारठलेली माणसं पेला दोन्ही हातांत धरून उभी असत. मग अंघोळीचा प्रश्न. त्यावर पंजाबी तोडगा म्हणजे लाकडावर चालणारा देशी गिझर, आपल्याकडचा बंबच, फक्त पत्र्याचा आणि बराच मोठा. वरून थंड पाणी ओतलं की दुसऱ्या तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर. कुणीतरी कपडे धुण्याची यंत्रं आणून लावली, तिथे तरुण पोरं अनोळखी म्हाताऱ्यांचे कपडे धुऊन देत. सकाळी झाडलोट, मग मंच, दुपारी जेवण आणि थोडी झोप, संध्याकाळी रेहरास या शीख प्रार्थनेचा पाठ, जेवण, आणि रात्री पोरांचा पहारा. रिकामा वेळही पुष्कळ होता. पत्ते चालत, वर्तमानपत्राचं सामुदायिक वाचन चाले, पाय चेपून घेणं चाले.

लंगराबद्दल इतकं बोललं गेलंय की मी आवरतं घेतो, पण एक गोष्ट सांगायला हवी. लंगर म्हणजे दानशूरता असं आपण समजतो. कामाच्या अंगाने पाहिलं तर ती शेकडो वर्षं घोटलेली पद्धत आहे. हजार माणसांच्या डाळीला मीठ किती, कणीक कितीला भिजवायची, वाढपी कुठून सुरू करणार, खरकटी भांडी कोणत्या रांगेने जाणार, हे तिथल्या माणसाला लहानपणापासून गुरुद्वारात पाहून ठाऊक असतं. कुणी हुकूम द्यावा लागत नाही. म्हणून तासाला हजारभर रोट्या काढणारं यंत्र आलं तेव्हा ते लगेच कामाला लागलं, आणि यंत्र बंद पडलं तरी काही बिघडलं नाही. बायका, पुरुष, कॉलेजची पोरं लाटायला बसली. आजूबाजूच्या हरियाणवी गावांतून दूध आणि भाजी येत राहिली. सतलज-यमुना कालव्याच्या पाण्यावरून ही दोन राज्यं दशकानुदशकं भांडत आली आहेत, हे आठवलं म्हणजे त्या दुधाची किंमत कळते. पंगतीत कुंडलीच्या कारखान्यांतले कामगार बसत, कचरा वेचणारी मुलं बसत. टाळेबंदीने ज्यांचं काम गेलं होतं, त्यांच्यातल्या कित्येकांना दोन वेळचं अन्न या रस्त्यावर मिळालं. एकदा पिझ्झ्याचं लंगर लागलं तर केवढा गहजब झाला! शेतकऱ्याने कांदा-भाकरच खावी, तीही कॅमेऱ्याकडे केविलवाणं पाहत, ही आपली अपेक्षा त्या दिवशी उघडी पडली.

जेवण सुटलं तसं शौचालय सुटलं नाही. छावणीच्या आठवणी सांगताना पुरुष अन्नाबद्दल बोलतात आणि बायका शौचालयाबद्दल, हा फरक नीट ऐकला पाहिजे. महापालिकेची फिरती शौचालयं थोडी, त्यांत पाणी नाही, सफाई वेळेवर नाही. बायका पेट्रोलपंपांवर जात, जवळच्या घरांत विचारत, काही जणी अंधार पडायची वाट पाहत आणि त्यासाठी दिवसभर पाणी कमी पीत. मासिक पाळीच्या दिवसांत काय, याचा विचार नेत्यांनी आधी केला नव्हता, तो स्वयंसेवी गटांनी आणि तरुण मुलींनी नंतर केला. ११ जानेवारी २०२१ च्या सुनावणीत सरन्यायाधीशांनी म्हाताऱ्यांना आणि बायकांना आंदोलनात कशाला ठेवलंय असं विचारलं, तेव्हा त्या बायकांचा संताप झाला तो याच पार्श्वभूमीवर. इतक्या अडचणी सोसून आम्ही इथे आहोत, आम्हाला कुणी ठेवलेलं नाही. आठवड्याभरात, १८ जानेवारीला, महिला किसान दिवस झाला आणि ८ मार्चला टिकरीला पिवळ्या ओढण्यांचा समुद्र लोटला. त्यांत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवाही होत्या. शेताचा सातबारा बहुतेकींच्या नावावर नाही, हे पंजाबातही तसंच आणि आपल्याकडेही तसंच.

आता पाळी. रब्बीचं गणित ज्याला कळतं, त्याला या आंदोलनाचं अर्धं कोडं सुटतं. पंजाबात गहू ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात पेरला जातो. म्हणजे २६ नोव्हेंबरला माणसं निघाली तेव्हा पेरणी उरकली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी पहिलं पाणी, युरिया, तणनाशक, ही कामं अशी की शेजारी एकाबरोबर दुसऱ्याचंही शेत उरकू शकतो. गावागावांत तसं झालंही. जो दिल्लीला गेलाय त्याच्या शेताला पाणी मागे राहिलेल्यांनी द्यायचं. कापणी बैसाखीनंतर, आणि ती बहुतांशी कंबाइनने, त्यामुळे झपाट्याने. मग जूनच्या मध्यापासून भाताची लावणी, ऑक्टोबरात भाताची कापणी. छावण्यांतली गर्दी याच लयीने चढत-उतरत होती. एप्रिलमध्ये तंबू ओस पडले, तशी आंदोलन संपलं अशा बातम्या आल्या. पिकाचं वेळापत्रक पाहण्याची तसदी त्या बातमीदारांनी घेतली असती, तर मे महिन्यात लोक परत आले तेव्हा त्यांना नवल वाटलं नसतं.

ही लय आपोआप बसली नव्हती, ती बसवली होती. भटिंडा जिल्ह्यातल्या विर्क खुर्द या गावच्या पंचायतीने जानेवारी २०२१ च्या शेवटी ठराव केला: प्रत्येक घरातून एकाने निदान आठवडाभर दिल्लीला जायचं, नाही गेला तर दीड हजार रुपये दंड. अशा ठरावांवर टीका झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. सक्तीने पाठवलेला माणूस आंदोलक कसा? पण गाव म्हणून राहायचं तर काही कामं सक्तीचीच असतात, पाण्याच्या पाळीसारखी. एकरी वर्गणी होती, ट्रॅक्टरच्या डिझेलचा हिशेब होता, कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून त्याची पाळी पुढे ढकलायची मुभा होती. जिथे गावात गट होते तिथे हे बिनसलं, आणि जिथे संघटनेची शाखा जुनी होती तिथे सुरळीत चाललं. अडत्यांनीही मदत केली, त्यात त्यांचा उघड स्वार्थ होता. परदेशातल्या पंजाब्यांकडून पैसा आला. ज्यांना हे सगळं ‘प्रायोजित’ वाटलं त्यांना मी एवढंच म्हणेन की पैशाने तंबू येतो, त्यात थंडीत आठवडाभर झोपायला माणूस लागतो.

आणि थंडी साधी नव्हती. १ जानेवारी २०२१ ला दिल्लीत पारा १.१ अंशावर गेला. त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत पाऊस पडला, ताडपत्र्या पाण्याने फुगून खाली आल्या, पेंढा भिजला, सरपण भिजलं. छावणीचे सर्वांत वाईट दिवस कोणते, तर पोलिसांचे नव्हेत, हे ओल्या रजयांचे. माणसं दगावत होती: हृदयविकाराने, न्यूमोनियाने, जाता-येता झालेल्या अपघातांत, काही आत्महत्याही. वर्षभरात सातशेहून जास्त लोक गेले असं संघटना सांगतात. सरकारने संसदेत आपल्याकडे अशी नोंद नसल्याचं उत्तर दिलं. उन्हाळ्यात उलटा छळ. ट्रॉलीचा पत्रा तापू लागला तसे बांबू आणि गवताचे झाप उभे राहिले, कूलर आले, मच्छरदाण्या आल्या. मार्चमध्ये टिकरीला काहींनी चक्क विटांच्या खोल्या बांधायला घेतल्या. मग वादळं, मग करोनाची दुसरी लाट, मग पावसाळा.

२६ जानेवारीच्या ट्रॅक्टर परेडचं आणि लाल किल्ल्याचं मी इथे सांगत नाही, ते पुष्कळ दाखवलं गेलं. त्यानंतरच्या तीन दिवसांचं सांगतो, कारण छावणी कशी मोडते आणि कशी मोडत नाही ते त्यांत दिसतं. परेडनंतर माणसं खजील झाली होती, ट्रॉल्या परत फिरू लागल्या होत्या. गाझीपूरला २८ जानेवारीच्या संध्याकाळी पोलिसांचा फौजफाटा आला, वीज गेली, पाणी तुटलं. तिथले शेतकरी नेते राकेश टिकैत कॅमेऱ्यासमोर रडले आणि गावाहून पाणी येईल तेव्हाच पिईन म्हणाले. त्या रात्री पश्चिम उत्तर प्रदेशात गावोगाव माणसं उठली, आणि दुसऱ्या दिवशी बायाबापड्या घरच्या हंड्या-कळशांतून, बाटल्यांतून पाणी घेऊन आल्या. तो क्षण भावनेचा होता यात शंका नाही. पण पाणी आणायला गाव दीड-दोन तासांच्या अंतरावर होतं, म्हणून ते आलं. पुढच्या आठवड्यात रस्त्यात काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी खिळे ठोकले गेले, इंटरनेट बंद झालं. शौचालयं खिळ्यांच्या पलीकडे राहिली. त्याची बातमी खिळ्यांच्या मानाने फारच लहान झाली.

छावणीत वाचनालयं होती, मुलांच्या शाळा होत्या, ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचा चार पानी अंक होता. १८ डिसेंबर २०२० ला तो पंजाबी आणि हिंदीत निघाला. एका ट्रॉलीतल्याला चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या ट्रॉलीत काय चाललंय हे कळावं, ही त्यामागची साधी गरज. बाहेरच्या वाहिन्यांवर लोकांचा राग होता हेही कारण होतंच. म्हातारे चष्मा सावरत तो अंक वाचत, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवत.

या सगळ्याला एक काळी बाजू आहे आणि या पुस्तकाने ती झाकली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. १५ ऑक्टोबर २०२१ ला सिंघूच्या मंचाजवळ एका दलित मजुराची निहंग शिखांनी निर्घृण हत्या केली. टिकरीला बंगालमधून आलेल्या एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार दाखल झाली. ती मुलगी करोनाने गेली आणि तक्रार पोलिसांपर्यंत पोचायला झालेल्या उशिराबद्दल नेत्यांना उत्तरं द्यावी लागली. या दोन गोष्टी अपवाद म्हणून बाजूला सारता येणार नाहीत. वर्षभराची वस्ती म्हटली की तिथे गावातलं सगळं येतं. पंजाबात सुमारे ३२ टक्के लोक दलित आणि जमीन त्यांच्या हाती अगदी नाममात्र. छावणीत भूमिहीन मजूर आले, त्यांच्या संघटना आल्या, एका पंगतीत जेवण झालं. पण त्याच उन्हाळ्यात भातलावणीच्या मजुरीवरून काही गावांत मालक-मजूर समोरासमोर ठाकलेच. मजुराला आठवडाभर दिल्लीत बसणं परवडत नव्हतं, कारण त्याच्या जागी रोजंदारीला जाणारं कुणी नव्हतं. पाळीची व्यवस्था ही ज्याच्याकडे शेत आहे त्याची व्यवस्था होती.

हाच धागा धरून महाराष्ट्राकडे येतो. मराठी वाचक हे पुस्तक वाचताना मनातल्या मनात तुलना करणारच. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला किसान सभेचा पायी मोर्चा आला, सुमारे १८० किलोमीटर, सहा दिवसांत. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीचे आदिवासी शेतकरी, त्यांत बायका खूप, पायांना फोड. शिधा आणि लाकडं टेंपोत पुढे जात. मुक्कामावर तीन दगडांची चूल, भात आणि डाळ, झोप उघड्यावर. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रातोरात चालून काढला आणि पहाटे आझाद मैदान गाठलं. मुंबईकरांचा कंठ दाटून आला, आणि तो दाटणं साहजिकच होतं. पण त्या मोर्च्याला घाई होती ती केवळ मुलांसाठी नव्हती. वनजमिनीचा तुकडा कसणारा, उरलेले महिने द्राक्षबागांत मजुरीला जाणारा माणूस किती दिवस बाहेर राहू शकतो? त्याच्या मागे कंबाइन नाही, हमीभावाने धान्य घेणारी मंडी नाही. म्हणून लेखी आश्वासन मिळताच ते त्याच दिवशी परत फिरले. आणि आश्वासनं पुरती अमलात आली नाहीत म्हणून २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा निघाले, २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा निघाले आणि वाशिंदला थांबले. जे बसून राहू शकत नाहीत, त्यांना पुन्हा पुन्हा चालावं लागतं.

डिसेंबर २०२० मध्ये याच भागातले शेतकरी उघड्या टेंपोंतून नाशिकहून शाहजहांपूरला गेले. २१ तारखेला निघाले, बाराशेहून जास्त किलोमीटर गेले आणि २५ ला पोचले. कोकणघाटाच्या हवेला सरावलेली अंगं, पातळ घोंगड्या आणि राजस्थानच्या सीमेवरचा गारठा. तिथे आधीपासून बसलेल्यांनी त्यांना रजया दिल्या, जेवू घातलं. जेवण तिखट नाही, भात कमी, अशी लहानसहान कुरबुर सोडली तर दोन मुलखांचं छान जमलं असणार, असा माझा कयास. पण ते तिथे फार दिवस राहू शकले नाहीत. घर चार दिवसांच्या अंतरावर होतं.

अगदी अलीकडचं पाहायचं तर २९ ऑगस्ट २०२५ चं आझाद मैदान आठवावं. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले, परवानगी एका दिवसाची आणि पाच हजार माणसांची, आणि आले त्याहून कितीतरी जास्त. पाऊस, चिखल, बंद हॉटेलं, शौचालयांची बोंब. सीएसएमटीच्या फलाटांवर पोरं झोपली. मग दोनच दिवसांत मराठवाड्याच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या गावांतून भाकरी, ठेचा, चटण्या, पाण्याच्या बाटल्या गाड्या भरभरून येऊ लागल्या. भाकरी गावातल्या बायकांनी थापलेल्या होत्या, आणि त्या बायका टीव्हीवर कुठेच नव्हत्या. दक्षिण मुंबईची अडचण झाली, उच्च न्यायालयाने कान उपटले, २ सप्टेंबरला आंदोलन संपलं. मागण्यांबद्दल कुणाचं काहीही मत असो, गाव मागे उभं राहिलं की राजधानीतली अडवणूक किती दिवसांत निष्प्रभ होते, ते त्या पाच दिवसांत दिसलं. पाचऐवजी चाळीस दिवस झाले असते तर पाळी कशी लागली असती, हा प्रश्न अर्धवट राहिला.

नर्मदेच्या काठी मणिबेली, डोमखेडीला पावसाळ्यागणिक पाण्यात उभं राहून झालेले सत्याग्रह, २०२१-२२ च्या हिवाळ्यात आझाद मैदानात बसलेले एसटी कर्मचारी, यांचंही रोजचं जगणं कुणीतरी लिहायला हवं. बिनपगारी महिन्यांत एसटीच्या कंडक्टरने मुलांची फी कशी भरली, डेपोडेपोतून मैदानात येणाऱ्यांची पाळी कोण लावत होतं, हे सांगणारी माणसं अजून आहेत.

दिल्लीची गोष्ट १९ नोव्हेंबर २०२१ ला फिरली. पंतप्रधानांनी कायदे मागे घेण्याची घोषणा केली, २९ नोव्हेंबरला संसदेत तसं विधेयक मंजूर झालं. तरी माणसं लगेच उठली नाहीत. गुन्हे मागे घेण्याचं पत्र हातात पडेपर्यंत बसली, आणि ११ डिसेंबरला निघाली. निघण्याआधी बांबू मोडून बांधले, विटा ट्रॉलीत भरल्या, रस्ता झाडला.

पण माझं पाळीचं म्हणणं तपासायचं तर वाचकाने तिथे थांबू नये. हमीभावाच्या कायद्यासाठी १३ फेब्रुवारी २०२४ ला काही संघटना पुन्हा दिल्लीकडे निघाल्या. हरियाणाने त्यांना पंजाबच्याच हद्दीवर, शंभू आणि खनौरीला, अडवलं. तिथे त्याच ट्रॉल्या, तसेच लंगर, तेच बंब. मुक्कामही तेरा महिने टिकला, म्हणजे पहिल्याहून थोडा जास्तच. तरी दिल्लीला त्याची झळ लागली नाही. मोठ्या संघटना बाहेर राहिल्या होत्या, रस्ता अडल्याचा ताप पंजाबच्याच व्यापाऱ्यांना आणि प्रवाशांना होत होता, आणि १९ मार्च २०२५ ला पंजाब पोलिसांनी एका संध्याकाळी दोन्ही मुक्काम बुलडोझरने उठवले. पाळी होती, पीठ होतं, माणसंही होती. मग काय कमी पडलं, याची चर्चा पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात आहे, आणि तिथल्या काही निष्कर्षांशी मी सहमत नाही. माझ्या मते फरक जागेचा होता: पहिला मुक्काम दिल्लीच्या उंबऱ्यात होता, दुसरा आपल्याच अंगणात. वाचकांनी दोन्ही बाजू वाचून आपलं ठरवावं.